नावातलं पहिलं अक्षर काढा

कऱ्हाडच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात मी देवघेवीच्या टेबलावर बसते. पुस्तक द्यायचं, परत घ्यायचं, तारखेचा शिक्का मारायचा, उशीर झाला असेल तर दंडाची पावती फाडायची. दाखलनोंद रजिस्टर, सभासदांची वही, वर्गणीची वही, अनामतीची वही, सगळं माझ्या हाताखालून जातं. गेल्या पावसाळ्यात मी जावा, म्हणजे संगणकाला सूचना लिहून देण्याची एक भाषा, शिकायला घेतली, त्याला कारण झाली यातलीच सभासदांची वही.

फार वर्षांपूर्वी कार्यकारी मंडळानं ती वही एकदा बाहेरून टाइप करून घेतली होती. पण ते टायपिंग जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधलं. नवीन संगणकावर फाइल उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हं यांची नुसती खिचडी दिसायची. मग मीच रोज थोडी थोडी करून सगळी नावं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही नव्या संगणकावर नीट दिसणाऱ्या पद्धतीत, पुन्हा टाइप केली, नोटपॅडमध्ये, एका ओळीत एक सभासद: नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव, गाव. नंतर त्यातली दुबार नावं शोधायला बसले, पट्टी लावून, बोटानं ओळ धरून.

माझी भाची इथंच इंजिनिअरिंगला आहे आणि आमच्याकडंच राहते. दोन संध्याकाळी तिनं मला तसं बसलेलं पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, हे तू हातानं का करतेस? आमच्या प्रॅक्टिकलला हेच तर असतं." तिनं सरावाचा कागद आणून दिला. वीसेक उदाहरणं होती. पहिली बारा-तेरा स्ट्रिंगची, म्हणजे मजकुराची: लांबी मोजा, उलटा करा, स्वर मोजा, विलोमपद (उलटं वाचलं तरी तेच) आहे का बघा, नावाची आद्याक्षरं छापा, दोन मजकूर सारखे आहेत का तपासा. पुढची क्लासची, म्हणजे एका प्रकारच्या नोंदीचा साचा करायची: विद्यार्थी नावाचा क्लास करा, त्यात हजेरी क्रमांक, नाव आणि गुण ठेवा.

कागद इंग्रजीत होता आणि त्यातली नमुन्याची नावंही इंग्रजीत. मी भाचीला पहिल्याच दिवशी सांगितलं, की मी उदाहरणं सोडवीन, पण माझ्या यादीवर. माझं काम मराठी नावांशी आहे. ती जरा थांबली आणि म्हणाली, "चालेल. पण काय होईल ते मलाही माहीत नाही." खरं तर या एका अटीमुळंच मला स्ट्रिंग म्हणजे काय ते समजलं.

(खाली जावातले शब्द मी देवनागरीत, आम्ही बोलताना उच्चारतो तसे लिहिले आहेत.)

पहिला कार्यक्रम (प्रोग्रॅम) नेहमीचा, एक शब्द छापायचा. मी शब्द घेतला 'मराठी'. स्क्रीनवर आली पंधरा विचित्र चिन्हं. भाचीच्या लॅपटॉपवर जावा ११ होती. तिनं कंपाइल करताना, म्हणजे लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवताना, फाइल यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायची एक रीत) आहे असं सांगणारा शब्द जोडला आणि पुन्हा चालवलं. आता पाच प्रश्नचिन्हं आली, एकापुढं एक. ती म्हणाली, "हे फक्त दाखवण्याचं भांडण आहे, मावशी, आत सगळं बरोबर असणार." पण माझी नजर त्या पाचावरच होती. मराठी हा तीन अक्षरांचा शब्द. मग प्रश्नचिन्हं पाच का, आणि त्याआधी चिन्हं पंधरा का?

पंधराचं उत्तर असं, की यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे साठवणीचे तीन तुकडे, लागतात. कंपायलर ती फाइल दुसऱ्याच कोडची समजून वाचत होता, म्हणून त्यानं प्रत्येक बाइटचं एकेक चिन्ह केलं, पाच त्रिक पंधरा. २०२२ साली आलेल्या जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच गृहीत धरलं जातं, त्यामुळं नव्यानं शिकणाऱ्याला निदान ही पहिली ठेच लागू नये. पाचाचं उत्तर मात्र भाषेतच आहे. म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. यंत्राच्या लेखी काना हा म किंवा ठ यांच्याइतकाच स्वतंत्र घटक आहे. युनिकोडनं देवनागरीला १२८ घरांची एक चाळ दिली आहे. त्यात क वेगळ्या खोलीत, काना वेगळ्या, अनुस्वार वेगळ्या आणि पाय मोडायचं चिन्ह, म्हणजे हलन्त, तेही वेगळ्या खोलीत. लेंग्थ विचारली की जावा आपल्याला अशा किती खोल्या लागल्या ते सांगते. 'पुणे' चार, 'कोल्हापूर' नऊ. मी वहीच्या मागच्या पानावर कोल्हापूर फोडून लिहिलं आणि बोटानं मोजलं: क, ओकाराची मात्रा, ल, हलन्त, ह, काना, प, दीर्घ उकार, र. नऊ. ताळा जमला.

स्क्रीनचा नाद आम्ही सोडला. भाचीनं मला यादी फाइलमधून वाचायला आणि उत्तरही फाइलमध्येच लिहायला शिकवलं. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली की मराठी स्वच्छ दिसायचं.

उलटं करायचा सराव सोपा होता. स्ट्रिंगबिल्डर घ्यायचा, रिव्हर्स म्हणायचं. 'मराठी' उलटा करून 'ीठारम' मिळालं, सुरुवातीला टिंबांच्या गोलाला लटकलेली वेलांटी. कागदावरचं उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं, पण तो शब्द कुणी वाचू शकणार नाही. लहानपणी आम्ही शब्द उलटे बोलायचो तेव्हा 'मराठी'चं 'ठीराम' व्हायचं. कुठल्याही मुलाला विचारा, तेच सांगेल.

विलोमपदाला तर मला अगदी राहवेना. आपल्याकडं शाळेत सगळ्यांना पाठ असलेली वाक्यं आहेत, 'ती होडी जाडी होती', 'रामाला भाला मारा'. मी मधली रिकामी जागा काढून टाकली आणि कार्यक्रम चालवला. दोन्हींना उत्तर आलं फॉल्स, म्हणजे नाही. भाची म्हणाली, "लॉजिक बरोबर आहे." लॉजिक बरोबरच होतं. पण पिढ्यान्‌पिढ्या मुलं जे वाक्य सरळ आणि उलटं म्हणत आली, ते विलोमपद नाही असं उत्तर मी वहीत कसं उतरवू? मी समासात लिहून ठेवलं: हे उदाहरण पुन्हा करायचं.

स्वर मोजायचा सराव मी अर्ध्यावर सोडला, तोही कारणासकट लिहून. इंग्रजीत पाच अक्षरं तपासली की झालं. आपल्याकडं 'कमल' म्हणताना स्वर ऐकू येतात, पण यंत्रात क, म, ल एवढंच असतं. व्यंजनातला अ कुठंच लिहिलेला नसतो. तो मोजायचा तर नियमच वेगळे लावावे लागतील आणि शेवटचा ल हलन्त उच्चारतो त्याचं काय करायचं हे व्याकरणाचं काम आहे. तिथं माझा अधिकार नाही.

खरा धडा मिळाला तो आद्याक्षरांच्या सरावात. ग्रंथालयात आद्याक्षरांवाचून पान हलत नाही. तालिकेत, कार्डावर, पुस्तकाच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर सगळीकडं तीच लागतात. कार्यक्रम साधा. पूर्ण नाव घ्यायचं, रिकाम्या जागेवर तोडायचं, पहिल्या दोन तुकड्यांचा चारॲट शून्य घ्यायचा, म्हणजे शून्याव्या जागेवरचं चिन्ह, पुढं टिंब द्यायचं, शेवटी आडनाव जोडायचं. (मोजणी शून्यापासून असते हे मला दोन दिवस जड गेलं. नंतर हात बसला.) सभासदांची नावं अशी कामासाठी वापरणं मला बरं वाटेना, म्हणून मी सगळ्यांना माहीत असलेली नावं घेतली: गोपाळ कृष्ण गोखले, महादेव गोविंद रानडे, धोंडो केशव कर्वे, श्रीपाद अमृत डांगे.

फाइल उघडली. 'ग. क. गोखले.' 'म. ग. रानडे.' 'ध. क. कर्वे.' 'श. अ. डांगे.'

मी ते बराच वेळ बघत बसले. गो. कृ. गोखल्यांना 'ग. क.' म्हणणं कुठल्याही मराठी माणसाच्या कानाला सहन होणार नाही. इंग्रजीत या सरावाला एक ओळ पुरते. आपल्याकडं तीच ओळ माणसाचं नाव मोडते.

भाचीचं पहिलं म्हणणं आलं, की दोन चिन्हं घेऊ, सबस्ट्रिंग शून्य ते दोन. (सबस्ट्रिंगमध्ये दुसरा आकडा धरायचा नसतो, त्याच्या अलीकडं थांबायचं असतं, तेही तेव्हाच पक्कं झालं.) गोखले जुळले: गो. कृ. पण रानड्यांचं झालं 'मह. गो.' आणि कर्व्यांचं 'धो. के.' धोंडोतला अनुस्वार गेला. आपण धों. के. लिहितो. ध, मात्रा, अनुस्वार मिळून तीन चिन्हं. आणि श्रीपादचा नुसता 'श्' उरला, कारण 'श्री' या एका अक्षराला श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हं लागतात. म्हणजे एक, दोन, तीन, चार, चारही नावांचं माप वेगळं. ठरावीक आकडा चालणारच नव्हता.

त्या रात्री मी प्रत्येक चिन्हाचा प्रकार छापून बघितला. कॅरॅक्टर.गेटटाइप असं विचारलं की जावा एक आकडा देते. म, र, ध, क अशा व्यंजनांना ५ आला. काना, दोन्ही वेलांट्या, ओकार यांना ८. उकार, एकाराची मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांना ६. मला वाटलं होतं सगळ्या मात्रा एकाच गटात येतील. मग ८ आणि ६ वेगळे का? आणि एकदम टायपिंगचा क्लास आठवला. मराठी तीसची (मिनिटाला तीस शब्दांची) परीक्षा मी टाइपरायटरवर दिली आहे. त्या यंत्रावर काही कळा दाबल्या की गाडी पुढं सरकायची नाही. उकार, मात्रा, अनुस्वार तसेच बसायचे, वर किंवा खाली, ओळीत जागा न घेता. काना दाबला की मात्र गाडी एक घर पुढं जायची. ६ म्हणजे गाडी न हलवणारी चिन्हं आणि ८ म्हणजे ओळीत जागा घेणारी. बोटांना ही विभागणी वीस-बावीस वर्षांपासून ठाऊक होती.

त्यावरून नियम लिहिता आला. एकेक चिन्ह घेत जायचं. प्रकार ६ किंवा ८ असेल तर ते आधीच्या अक्षराला चिकटवायचं. आधीचं चिन्ह हलन्त असेल आणि आता व्यंजन आलं असेल, तर तेही त्याच अक्षरात घालायचं, कारण जोडाक्षर चालू आहे. नाहीतर नवीन अक्षर सुरू. या पद्धतीला मी नाव दिलं 'अक्षरेपाड'. जावात पद्धतीची, चलाची नावं देवनागरीत देता येतात, कंपायलर तक्रार करत नाही. भाचीनं बजावलं, की परीक्षेत असं लिहायचं नाही, बाहेरून आलेल्या परीक्षकांना वाचायला त्रास होतो. मला परीक्षा द्यायची नाही, म्हणून मी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फाइल उघडली: गो. कृ. गोखले, म. गो. रानडे, धों. के. कर्वे, श्री. अ. डांगे. भाची स्वयंपाकघरात होती, तिला हाक मारून दाखवलं. तिनं हात पुसत पुसत चारही ओळी मोठ्यानं वाचल्या.

समासात लिहून ठेवलेलं विलोमपद मग लगेच केलं. चिन्हांऐवजी अक्षरांची यादी करायची आणि दोन्ही टोकांकडून जुळवत यायचं. 'ती होडी जाडी होती' ट्रू. 'रामाला भाला मारा' ट्रू. 'चिमा काय कामाची' मात्र फॉल्स, आणि ते उत्तर मला मान्य आहे, कारण एका टोकाला 'चि' ऱ्हस्व आहे आणि दुसऱ्या टोकाला 'ची' दीर्घ.

आद्याक्षरांचा कार्यक्रम पूर्ण यादीवर चालवला तेव्हा सगळी नावं ठीक आली, फक्त अगदी पहिल्या ओळीतल्या सभासदाचं पहिलं आद्याक्षर गायब. नुसतं टिंब. फाइलमध्ये नाव तर दिसत होतं. चारॲट शून्यचा आकडा छापला तर आला ६५२७९. आमच्याकडचा जुना नोटपॅड यूटीएफ-८ फाइल जतन करताना सुरुवातीला एक अदृश्य खूण घालतो, जावा ती काढून टाकत नाही, आणि ती पहिल्या नावाला चिकटून आत येते. भाचीनं पाच मिनिटांत काढली. पण तेव्हापासून मला सवय लागली, की डोळ्याला पटत नसेल तर आकडे छापून बघायचे.

ती सवय पुढच्याच सरावात कामी आली. दोन मजकूर सारखे आहेत का तपासा. मला माझ्या यादीतून कऱ्हाडचे सभासद मोजायचे होते, बाहेरगावचे वेगळे. मी लिहिलं, जर गाव == "कऱ्हाड" तर मोजणी एकनं वाढव. उत्तर शून्य. कऱ्हाडच्या ग्रंथालयात कऱ्हाडचा एकही सभासद नाही. भाची म्हणाली, हे सगळ्यांचं होतं, इक्वल्स वापर. पण मला कारण हवं होतं, कारण आदल्याच दिवशी दोन शब्द कार्यक्रमात हातानं लिहून == नं तपासले होते तेव्हा ट्रू आलं होतं.

तिनं सांगितलं ते मी माझ्या भाषेत असं मांडून घेतलं. आमच्याकडं एकाच कादंबरीच्या दोन प्रती असतात. नाव तेच, मजकूर तोच, पण दाखल क्रमांक वेगळे. == हा दाखल क्रमांक विचारतो: ही दोन्ही एकच प्रत आहे का? इक्वल्स आतला मजकूर विचारतो. कार्यक्रमात अवतरणात लिहिलेले सारखे शब्द जावा एकदाच साठवते आणि सगळ्यांना तीच प्रत देते, म्हणून आदल्या दिवशी ट्रू आलं. फाइलमधून वाचलेला शब्द मात्र नव्यानं दाखल झालेली प्रत असते. एवढं कळल्यावर मी पुन्हा कधी तिथं अडले नाही.

इक्वल्स घातलं. आता मोजणी आली, पण कमी. वहीतून हातानं मोजलेला आकडा बराच मोठा होता. मी यादी डोळ्याखालून घातली. ज्या ओळी गाळल्या गेल्या त्यात स्पष्ट कऱ्हाड लिहिलेलं. रिकामी जागा असेल म्हणून दोन्ही बाजूंनी छाटून बघितलं. तेवढंच. मग लेंग्थ छापली. काही ओळींत कऱ्हाड सहा चिन्हांचं होतं आणि काही ओळींत सात.

हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवते: कऱ्हाड, कर्‍हाड. डोळ्याला फरक दिसणार नाही. पहिल्यात क, मग ऱ हे खास चिन्ह, हलन्त, ह, काना, ड. दुसऱ्यात क, साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडखूण, ह, काना, ड. अर्ध्या र चा तो आडवा फराटा दोन्ही रस्त्यांनी काढता येतो. यादीचा पहिला भाग मी ग्रंथालयाच्या संगणकावर टाइप केला होता, उरलेला घरी, आणि दोन्हीकडचे कीबोर्ड तो फराटा वेगवेगळ्या रीतीनं काढत होते. मी टाइप करताना दोन्हीकडं तेच अक्षर बघत होते. घोडं पेंड खात होतं ते इथं.

आणि मग लक्षात आलं, की गोष्ट फक्त गावाची नाही. वऱ्हाडे, कुऱ्हाडे, बऱ्हाटे, गोऱ्हे, तऱ्हेतऱ्हेची आडनावं या फराट्यावर उभी आहेत. हे अक्षर हिंदीला लागत नाही, आपल्याला लागतं. कुठल्या कार्यालयात, कुठल्या दाखल्यावर, कुठल्या शोधपेटीत अशी माणसं 'नोंद सापडत नाही' म्हणून परत गेली असतील, या विचारानं मला त्या रात्री झोप लागली नाही. आमच्याच यादीत एक वयस्क सभासद दोन वेळा नोंदले गेले होते, दोन्हीकडं तेच आडनाव, दोन्ही फराटे वेगळे. मी पट्टी लावून बसले होते तेव्हा ते मला सापडले असते. यंत्रावर विसंबले असते तर नसते सापडले.

दुरुस्ती एका ओळीची आहे: र, हलन्त, जोडखूण अशी तिकडी दिसली की तिच्या जागी ऱ आणि हलन्त घालायचं. मी ती ओळ लिहिली आणि पुन्हा मोजणी केली. आकडा हलला नाही. भाचीनं बघितलं आणि म्हणाली, "मावशी, बदललेलं परत ठेवलंस कुठं?" स्ट्रिंग एकदा झाली की बदलत नाही. रिप्लेस म्हटलं की जावा नवीन स्ट्रिंग करून हातात देते, जुनी जशीच्या तशी राहते. हातात दिलेली आपण धरली नाही तर ती वाया. गाव = गाव.रिप्लेस असं लिहिल्यावर मोजणी जुळली. वहीतल्या आकड्यापेक्षा दोन कमी होते, ते मी शोधले: दोघांचं गाव 'कराड' असं लिहिलेलं. ते मी बदललं नाही. ती त्यांनी अर्जावर लिहिलेली नोंद आहे.

क्लासच्या सरावांकडं वळले ते याच कारणानं. तोवर ही साफसफाई मी चार ठिकाणी चार वेळा लिहिली होती आणि एका ठिकाणी विसरले होते. विद्यार्थ्याच्या जागी मी 'सभासद' नावाचा क्लास केला: क्रमांक, नाव, मधलं नाव, आडनाव, गाव, अनामत.

इथं सगळ्या नवशिक्यांच्या चुका मी क्रमानं केल्या. कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे नवा सभासद तयार होतो त्या भागात, नाव = नाव असं लिहिलं आणि सगळ्या सभासदांची नावं नल, म्हणजे रिकामी, आली, कारण बाहेरून आलेलं नाव मी त्यालाच परत देत होते. डाव्या बाजूला धिस लागतं, धिस.नाव, म्हणजे या सभासदाचं नाव. त्यानंतर मेनमधून, म्हणजे कार्यक्रम जिथून सुरू होतो तिथून, गावाला हात लावला तर कंपायलर स्टॅटिकबद्दल बोलायला लागला, म्हणून मी दिसेल तिथं स्टॅटिक लावून टाकलं. चूक निघून गेली आणि फाइलमध्ये प्रत्येक सभासदाचं नाव एकच आलं, यादीतल्या शेवटच्याचं. स्टॅटिक म्हणजे सगळ्यांत मिळून एक. ग्रंथालयाचा पत्ता तसा असू शकतो, ग्रंथालयाचा वर्ग तसा असू शकतो (१९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली आम्हाला अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो, तो सगळ्या सभासदांना मिळून एकच). सभासदाचं नाव तसं असू शकत नाही. मी कार्ड आणि भिंतीवरचा फलक असा फरक मनात धरला, नाव कार्डावर, वर्ग फलकावर, आणि स्टॅटिक एकेक करून काढलं.

सभासद छापला तर 'सभासद', पुढं ॲटचं चिन्ह आणि मागं आकडे-अक्षरांची माळ. छापताना काय दिसावं ते सांगणारं टूस्ट्रिंग स्वतः लिहावं लागतं. तिथं मी अक्षरेपाड वापरून आद्याक्षरं आणि आडनाव छापलं.

मग मुख्य काम. सगळी क्षेत्रं, म्हणजे नाव-गावाचे खाने, प्रायव्हेट केली, म्हणजे बाहेरून कुणी थेट हात लावू शकणार नाही. फराट्याची, अदृश्य खुणेची, कडेच्या रिकाम्या जागेची सगळी साफसफाई कन्स्ट्रक्टरमध्ये, एकाच दारात. आत येणारं प्रत्येक नाव त्या दारातून येतं. आमच्याकडंही पुस्तक शिक्का आणि दाखल क्रमांक पडल्याशिवाय कपाटात जात नाही. कपाटाशी उभं राहून शिक्के मारत बसलं तर एखादं सुटणारच. भाचीच्या कागदावर प्रायव्हेट का लावायचं याचं उत्तर व्याख्येत दिलं होतं, मी ते दोनदा वाचून सोडून दिलं होतं.

दुबार नावं काढायला हॅशसेट वापरला, सारखी नोंद दुसऱ्यांदा न ठेवणारा संच. इक्वल्स मी सभासदासाठी स्वतः लिहिलं होतं: नाव, मधलं नाव, आडनाव, गाव जुळलं तर तोच माणूस. तरी दुबार नावं गेली नाहीत. हॅशसेट आधी हॅशकोड, म्हणजे नोंदीवरून काढलेला एक आकडा, बघतो, त्यावरून कुठल्या खणात शोधायचं ते ठरवतो आणि इक्वल्स त्यानंतर विचारतो. दोन सारखे सभासद दोन वेगळ्या खणांत पडले तर त्यांची गाठच पडत नाही. हॅशकोडही त्याच चार क्षेत्रांवरून काढला, तेव्हा जोड्या सापडायला लागल्या. प्रत्येक जोडी मी मूळ अर्जाशी ताडून बघितली, कारण एकाच गावात एकाच नावाची दोन माणसं खरोखर असतात. तशी एक जोडी निघाली, आजोबा आणि नातू, तिन्ही नावं तीच.

दोन वेळा नोंदलेले ते वयस्क सभासद पुढच्या आठवड्यात पुस्तक बदलायला आले. मी त्यांना दोन्ही अर्ज दाखवले. मधे काही वर्षं मुलाकडं राहून आल्यावर त्यांनी नव्यानं नाव घातलं होतं आणि अनामतही दुसऱ्यांदा भरली होती. जुनी अनामत आमच्याकडं तशीच पडून होती. मंडळाच्या बैठकीत विषय ठेवला, मंजुरी घेतली आणि ती त्यांना परत दिली. व्हाउचरवर सही करताना त्यांनी विचारलं, की एवढ्या वर्षांनी सापडलं कसं. मी कागदावर फराट्याचे दोन्ही प्रकार फोडून दाखवले. त्यांनी चष्मा वर करून कागद डोळ्याजवळ नेला, पुन्हा खाली ठेवला आणि म्हणाले, "दोन्ही सारखंच दिसतंय की ओ."

सध्या मी नावं वर्णानुक्रमानं लावायच्या सरावावर आहे. कंपेअरटू, म्हणजे दोन मजकुरांत आधी कोणता ते सांगणारी जावाची तुलना, वापरलं तर काळे काशीकरांच्या आधी येतात, कारण युनिकोडच्या चाळीत ळ ची खोली ल ला लागून आहे. आमच्या वहीत ळ ह च्या नंतर येतो, तसाच यायला हवा. मी आपल्या क्रमानं सगळी वर्णमाला एका स्ट्रिंगमध्ये लिहून काढली आहे आणि प्रत्येक अक्षराची जागा तिच्यात शोधून तुलना करते. काशीकर आता वर गेले आहेत. क्ष आणि ज्ञ राहिलेत, ते दोन्ही तीन-तीन चिन्हांचे असल्यामुळं अक्षरेपाड आधी चालवावं लागेल. उद्या ग्रंथालय बंद झालं की बसणार आहे.